आधी दोन सऱ्यांना

बारामतीहून इंदापूरकडे निघालं आणि सणसर, लासुर्णे, अंथुर्णे मागे पडलं की शेळगावचा पट्टा लागतो. ऊस, डाळिंब, द्राक्षं आणि दारात दुभती जनावरं, असा हा मुलूख. इथला शेतकरी नवं खत किंवा नवं औषध आणतो तेव्हा दुकानदार कितीही छातीठोकपणे सांगू दे, तो ते सगळ्या रानावर एकदम ओतत नाही. "आधी दोन सऱ्यांना टाकून बघू," म्हणतो. दोन सऱ्यांना टाकतो, शेजारच्या दोन तशाच ठेवतो आणि महिन्याभराने सरीत वाकून फुटवे मोजतो. डेअरीवर फॅट लागली नाही तर तो तिथल्या तिथे विचारतो, काट्यावर उसाचं वजन कमी भरलं तर तो गप्प बसत नाही. पण याच घरातलं लेकरू तीन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून बघत नाही, वर्गात पाच मिनिटं टेकत नाही, चावतं, जमिनीवर डोकं आपटतं, तेव्हा ही पारखून घ्यायची सवय गळून पडते. एकाच महिन्यात दंडाला गंडा बांधला जातो, साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या सुरू होतात, पुष्य नक्षत्र गाठून सुवर्णप्राशनाचे थेंब दिले जातात, कुणी सांगितलं म्हणून गहू बंद होतो, आणि पुण्याच्या थेरपिस्टकडे एक फेरीही होते. फरक पडला तर कशाने पडला ते कळत नाही. नाही पडला तर यातलं काय सोडायचं तेही कळत नाही. पर्यायी उपचार शोधणाऱ्या आईबापांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. दोन सऱ्यांची कसोटी मुलाच्या बाबतीत सोडून दिली जाते, नुकसान तिथे होतं.

हे आईबाप शोधायला का निघतात ते आधी समजून घ्यायला हवं, कारण त्यांना अडाणी किंवा अंधश्रद्ध म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे. गावात अशा मुलाला अतिचंचल (एडीएचडी) किंवा स्वमग्न (ऑटिस्टिक) कुणी म्हणत नाही. 'वांड हाय', 'लाडानं बिघडलंय', 'बापावर गेलंय', 'बाहेरचं काहीतरी आहे', अशी त्याची नावं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या भारतीय पाहणीत पाच ठिकाणची ३,९६४ मुलं तपासली होती. उत्तर गोवा हे त्यातलं एक ठिकाण. मेंदूच्या वाढीशी संबंधित एक तरी अडचण असलेल्या मुलांचं प्रमाण दोन ते सहा वर्षांच्या वयात ९.२ टक्के आणि सहा ते नऊ वर्षांत १३.६ टक्के निघालं. यात ऐकण्या-बोलण्याच्या आणि फिट्सच्या अडचणीही धरलेल्या आहेत. तरीही हे प्रमाण शेळगावसारख्या गावाला लावून पाहिलं तर प्रत्येक वर्गात दोन-तीन मुलं निघतील. त्यांच्यासाठी बालविकासतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट ही माणसं बहुतेक पुण्यात, शंभर किलोमीटरहून लांब. आठवड्यातून दोनदा जायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी, गाडीभाडं आणि मागे जनावरांचं कुणी बघायचं हा प्रश्न. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ही मोठी सोय झाली. पण गर्दीच्या ओपीडीत एका मुलाच्या वाट्याला किती मिनिटं येणार? देवरुषी मात्र तासभर बसवून घेतो. कधीपासून, कसं, घरात कुणाकुणाशी बोलतं, झोपतं कधी, सगळं विचारतो. होमिओपॅथीचा डॉक्टरही निवांत ऐकतो. आईला कित्येक महिन्यांत कुणी इतकं विचारलेलं नसतं. ती तिकडे जाते त्यामागे हे ऐकून घेणं असतं, आणि ती गरज खरी आहे.

शिवाय आधुनिक वैद्यकाने आईबापांपुढे फार ताठ मानेने उभं राहावं असा त्याचा या विषयातला इतिहास नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणं मांडून स्वमग्नतेला वैद्यकात जागा दिली. पण पुढची वीसेक वर्षं अमेरिकेतले नामवंत तज्ज्ञ हेच सांगत राहिले की आईच्या मायेत ऊब नाही म्हणून मूल असं झालं. ब्रुनो बेटलहाइम यांनी ही समजूत घरोघरी पोचवली. असंख्य आयांनी तो कलंक आयुष्यभर वागवला. ती समजूत मोडून काढण्यात ज्यांचा वाटा मोठा त्या बर्नार्ड रिमलंड यांचं पुस्तक १९६४ चं, आणि रिमलंड मानसशास्त्रज्ञ तर होतेच, स्वमग्न मुलाचे वडीलही होते. म्हणजे तज्ज्ञ चुकले होते आणि एका बापाने पुरावा मांडून त्यांना दुरुस्त केलं. त्यामुळे 'डॉक्टर म्हणतात म्हणून' एवढं कारण मी कुणाला पुरेसं म्हणून सांगणार नाही. पण मग 'शेजारच्या गावातल्या पोराला गुण आला म्हणून' हे कारणही पुरेसं नाही.

या 'गुण आला'चं काय करायचं? १९९८ साली अमेरिकेत बातमी पसरली की सिक्रेटिन नावाचं पचनाशी संबंधित संप्रेरक टोचल्यावर काही स्वमग्न मुलं बोलायला लागली, डोळ्याला डोळा द्यायला लागली. हजारो आईबाप त्यामागे लागले. मग साठ मुलं घेऊन चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी केली, निम्म्यांना सिक्रेटिन आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं. कुणाला काय मिळालं ते आईबापांना ठाऊक नव्हतं. १९९९ च्या डिसेंबरात निष्कर्ष छापून आला. दोन्ही गटांतल्या मुलांत सुधारणा दिसली, आणि दोन्हींत सारखीच. मिठाच्या पाण्यानेही गुण आला होता! म्हणजे काय, तर अशी मुलं एका जागी थांबलेली नसतात. ती वाढत असतात, त्यांचे वाईट महिने येतात तसे बरे महिनेही येतात. आपण उपचाराला धावतो ते बहुधा सगळ्यात वाईट महिन्यात, त्यामुळे पुढचा महिना तसाही बरा जाण्याचीच शक्यता जास्त असते. त्यात आपली नजर फरक शोधत असते. या चाचणीतली सगळ्यात चटका लावणारी गोष्ट वेगळीच आहे. निकाल कळल्यावरही ६९ टक्के पालकांनी सांगितलं की आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे. आशा पुराव्यापुढे अशी सहज नमत नाही. या पालकांना हसणारा माणूस अशा घरात कधी राहिलेला नसतो.

दुसरा पुरावा साखरेचा आहे, आणि तो या पट्ट्यात सांगायलाच हवा. भवानीनगर, माळेगाव, बिजवडी, अशा साखर कारखान्यांच्या धुराड्यांमधला हा मुलूख. आणि इथेही, साऱ्या जगात म्हणतात तसं, 'गोड खाल्लं की पोरगं भिंतीवर चढतं' असं म्हणतात. साखर आणि मुलांचं वागणं यांवर झालेल्या काटेकोर चाचण्या १९९५ साली एकत्र करून पाहिल्या गेल्या, तेव्हा साखरेने मुलांचं वागणं बदलत नाही असंच दिसलं. पण त्याआधी, १९९४ मध्ये, एक वेगळाच प्रयोग झाला. 'आमच्या मुलाला साखर बाधते' अशी खात्री असलेल्या आयांना बोलावलं. मुलांना साखर दिलीच नाही, बिनसाखरेचं गोड पेय दिलं. पण निम्म्या आयांना सांगितलं, भरपूर साखर दिली आहे. त्या आयांना आपलं मूल जास्त चंचल दिसलं. एवढ्यावर हे थांबलं नाही. त्या आया मुलाच्या जास्त जवळ घुटमळल्या आणि त्याला जास्त टोकत राहिल्या. मुलाच्या पोटात साखर गेलीच नव्हती. बदललं होतं ते आईचं वागणं. हा प्रयोग मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतो. उपचारावरचा विश्वास मुलाच्या आधी घराला बदलतो. घर शांत झालं तर मूल निवळतं, घर धास्तावलं तर मूल बिथरतं, आणि श्रेय किंवा दोष मात्र गोळीला जातो.

या कसोटीत डॉक्टरांच्या चौकटीबाहेरचं सगळं नापासच होतं असं कुणी समजू नये. बेंजामिन फाइनगोल्ड हे अमेरिकन डॉक्टर १९७० च्या दशकात सांगत होते की खाण्यातल्या कृत्रिम रंगांनी मुलं चंचल होतात. त्यांचे दावे फुगवलेले होते, त्यांना वेड्यात काढलं गेलं. पण २००७ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची साधी मुलं घेऊन नीट चाचणी केली, तेव्हा काही रंग आणि सोडियम बेंझोएट यांच्या मिश्रणाने चंचलता थोडी वाढते असं निघालं. थोडीच, पण वाढते. युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांपैकी कुठलाही रंग असलेल्या खाण्याच्या पाकिटांवर इशारा छापावा लागतो. तेव्हा यात्रेतली लालभडक सरबतं आणि पिवळ्याजर्द नळ्या बंद करून बघायला काहीच हरकत नाही. त्याचा खर्च उणे आहे. उलट होमिओपॅथीचं बघा. अतिचंचलतेवरच्या तिच्या चाचण्या २००७ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या आणि उपयोगाचा पुरावा सापडला नाही. सुवर्णप्राशनाचा आधार म्हणून काश्यपसंहिता दाखवतात. तिथे बुद्धी, बळ, आयुष्य वाढेल असं म्हटलंय. न बोलणारं मूल बोलेल, हे वचन हल्लीच्या जाहिरातींनी आपल्या पदरचं घातलेलं आहे.

"पण करून बघायला काय जातं? अपाय तर नाही ना?" हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि सगळ्यात जास्त घात करतो. काही उपचारांत जीव जातो. शरीरातले जड धातू काढून स्वमग्नता बरी करतो म्हणून दिलेल्या औषधाने २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांचा मुलगा दगावला. मूळपेशींची इंजेक्शनं लाखालाखांनी विकली जातात, त्यासाठी रान गहाण पडतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने डिसेंबर २०२२ मध्येच स्पष्ट केलं की स्वमग्नतेसाठी हा उपचार सुचवू नये. भूत उतरवतो म्हणून मुलाला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तो कायदा येण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांना जीव द्यावा लागला, हे विसरता येत नाही. पण ज्यात जीव जात नाही अशा उपचारांतही एक गोष्ट जाते, ती म्हणजे वर्षं. तिसऱ्या वर्षी जे सहज रुजतं त्यासाठी सातव्या वर्षी जास्त खपावं लागतं. 'अजून एक पुनव बघू' करत गेलेली दोन वर्षं परत आणता येत नाहीत.

आणि त्या काळात साध्या तपासण्या राहून जातात. हाकेला वळत नाही म्हणून हट्टी ठरलेल्या मुलाला कमी ऐकू येत असू शकतं. वर्गात टक लावून हरवून जाणाऱ्या मुलाला बारीक फिट्स येत असू शकतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या जवळपास ६९ मुलांत रक्तक्षय आढळला. लोह कमी पडलेलं मूल किरकिरं असतं, त्याचं लक्ष टिकत नाही, झोप विसकटते. गाळपाच्या हंगामात रात्री-अपरात्री मोठ्याने गाणी लावून जाणाऱ्या ट्रॅक्टरनी ज्याची झोप मोडते, त्याचं दुसऱ्या दिवशीचं चिडणं कुठल्या बाधेमुळे नसतं. कान, रक्त, झोप आणि फिट्स या चार गोष्टी बघितल्याशिवाय कुठलाही उपचार, तो आधुनिक असो की पारंपरिक, सुरू करणं म्हणजे मातीपरीक्षण न करता खताची पोती आणणं.

मग उपयोग कशाचा होतो? गोव्यातल्या संगाथ या संस्थेने आणि रावळपिंडीतल्या संशोधकांनी मिळून केलेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन ते नऊ वर्षांची ६५ स्वमग्न मुलं त्यात होती. उपचार देणारे डॉक्टर किंवा थेरपिस्ट नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा बैठका. आईने मुलाशी खेळायचं, त्याचं थोडंसं चित्रण करायचं आणि मग आई आणि कार्यकर्ती दोघींनी ते बसून बघायचं. समजा मूल बाटल्यांची झाकणं एका ओळीत लावतंय. आई म्हणते, "हे कुठलं? लाल ना? मोज बरं. माझ्याकडं बघ!" मूल पाठ फिरवतं. चित्रण तिथे थांबवलं जातं. पुढच्या वेळी आई बोलत नाही. ती शेजारी मांडी घालून बसते, हातातलं एक झाकण ओळीच्या टोकाला ठेवते आणि वाट बघते. मूल झाकणाकडे बघतं, मग आईच्या हाताकडे. दुसरं झाकण हवं म्हणून तिचं बोट ओढतं. आई त्या वेळी एकच शब्द म्हणते, "झाकण." या उपचाराचं सगळं तंत्र एवढ्यात आलं. मूल जिथे आहे तिथे जाऊन बसायचं, त्याने पहिलं पाऊल टाकेपर्यंत थांबायचं आणि मग त्याला पेलेल एवढंच बोलायचं. आठ महिन्यांनी पाहिलं तेव्हा आईबाप मुलाच्या कलाने जास्त घेत होते आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करत होती. सगळ्याच मोजमापांत सुधारणा नव्हती, एका मोजमापात तर ही मुलं मागेच राहिली, आणि संशोधकांनी तेही लिहून ठेवलं. म्हणूनच मला ते विश्वासाचे वाटतात. अतिचंचल मुलांच्या बाबतीतही सहा वर्षांखाली आधी पालकांना वागणुकीचं प्रशिक्षण, असंच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते. शाळकरी वयात औषधाची गरज पडू शकते. त्याला 'गुंगीची गोळी' म्हणून झिडकारू नये. १९९९ च्या ५७९ मुलांच्या मोठ्या चाचणीत चौदा महिन्यांपर्यंत चंचलतेवर औषधाचा परिणाम सर्वांत चांगला होता. पण तीन वर्षांनी गटागटांतला तो फरक उरला नाही, हेही तितकंच खरं. गोळीही दोन सऱ्यांना टाकूनच बघायची असते.

यावर एक आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो. हे सगळं शेवटी पुन्हा आईच्याच डोक्यावर आलं की! पहाटे धारा, मग खुरपणी, मग चूल, आणि वर आता हा खेळ. आईच्या मायेला दोष देणाऱ्या त्या जुन्या तज्ज्ञांपेक्षा हे वेगळं काय? वेगळं हे की आईमुळे मूल असं झालं, असं इथे कुणी म्हणत नाही. घरातलं कुणीही हे शिकू शकतं आणि शिकायला हवं. गोठ्यात वैरण टाकताना नातवाच्या हातात एक पेंढी देऊन थांबणारे आजोबा याच रीतीने वागत असतात. बापाने संध्याकाळची वीस मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून द्यावीत, एवढं मागणं जास्त नाही. सरकारकडेही मागणं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. स्वमग्नता, अतिचंचलता आणि अध्ययनातल्या अडचणी त्याच्या तपासणी-यादीत आहेत. पण यादीत नाव शोधून मुलाला लांबच्या शहरात पाठवलं की काम संपलं असं होऊ नये. गोव्यात साध्या कार्यकर्त्या जे शिकल्या ते इंदापूर तालुक्यातल्या अंगणवाडी सेविका आणि आशाताई का शिकू शकणार नाहीत? त्यांना त्याचं प्रशिक्षण आणि वेगळा मोबदला द्यायला हवा, नुसतं आणखी एक रजिस्टर नको. या उपचाराची कुठे जाहिरात दिसत नाही, कारण यात विकायला बाटली नाही. म्हणून तो सरकारनेच पोचवायला हवा.

कुणी म्हणेल, मूल म्हणजे उसाची सरी नव्हे. अगदी खरं. एका लेकराला देऊन दुसऱ्याला कोरडं ठेवता येत नाही. पण एकाच लेकराचे आठवडे वेगवेगळे ठेवता येतात. शंभरपानी वही घ्यावी. एकच त्रास निवडावा, जसं दिवसातून किती वेळा चावलं, किंवा रात्री किती वाजता झोपलं. उपचार सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसतं मोजावं. मग एकच गोष्ट सुरू करावी, एका वेळी एकच, आणि सहा आठवडे मोजत राहावं. शाळेतल्या बाईंनाही मोजायला सांगावं, पण घरी काय सुरू केलंय ते त्यांना सांगू नये, म्हणजे त्यांची नजर कोरी राहील. चालू असलेलं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नये. ज्याला ही वही दाखवली तर राग येतो, जो 'मोजू नका, श्रद्धा ठेवा' म्हणतो, किंवा आधी सगळे पैसे भरा म्हणतो, तो दवाखान्यात बसलेला असो की मठात, त्याच्या पायरीवरून परत फिरावं. गुण आला नाही, तर जे चालू केलंय ते बिनदिक्कत बंद करावं. त्यात श्रद्धेचा अपमान नाही, मुलाशी बेइमानी तर मुळीच नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. आपल्या गावात ते कधी येणार ती तारीख सेविकाताईंना विचारून ठेवा, आणि त्या दिवशी मुलाबरोबर ही वही घेऊन जा.